यंग स्ट्रीटवर रॉक अँड रोलला नोकरी कशी लागली

मुलीकडे मिसिसागाला आलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी टोरोंटोच्या यंग स्ट्रीटवर एका उंच इमारतीच्या भिंतीवर रंगवलेले गायक-वादक पाहिले आणि तीन गोष्टी विचारल्या. एकाच रस्त्यावर एवढी मंडळी कशी जमली? रॉक अँड रोल इथंच सुरू झाला असं जावई छातीठोकपणे सांगतो, ते खरं का? आणि गिटार शिकणाऱ्या पंधरा वर्षांच्या नातवाला नेऊन दाखवावं असं तिथं काही उरलंय का?

मी गिरगावातला. तिकडे असताना वाद्यवृंदात बास गिटार वाजवायचो, १९९१ मध्ये इथं आलो आणि तेव्हापासून या शहरातल्या आणि आसपासच्या बारमध्ये तेच करतोय. म्हणजे मी उत्तर देतोय ते वादक म्हणून. ज्या दिवसांबद्दल तुम्ही विचारताय ते मी पाहिलेले नाहीत, पण ते पाहिलेल्या म्हाताऱ्यांबरोबर पुष्कळ रात्री वाजवलंय.

आधी उच्चार. पाटीवरचं स्पेलिंग बघून आपली मंडळी 'योंग' किंवा 'यॉन्गे' म्हणतात. ते 'यंग' आहे. जॉर्ज यंग नावाच्या ब्रिटिश युद्धमंत्र्याच्या नावावरून. जगातला सर्वांत लांब रस्ता म्हणून तुम्हाला कुणी १,८९६ किलोमीटरचा आकडा सांगितला असेल तर तोही सोडून द्या. त्यात पुढचा अकरा नंबरचा महामार्ग धरलेला होता. आपल्याला फक्त क्वीन स्ट्रीटपासून कॉलेज स्ट्रीटपर्यंतचा, रमतगमत वीस मिनिटांत संपणारा तुकडा हवाय.

आता जावयाचा मुद्दा. रॉक अँड रोल इथं जन्मला नाही. त्याचं माहेर अमेरिकेच्या दक्षिणेत, मेम्फिस आणि अर्कान्साच्या बाजूला. तिथून तो गाडीच्या डिकीत अ‍ॅम्प्लिफायर टाकून आला. इथं त्याला नोकरी लागली, असं मी म्हणेन. सोमवार ते शनिवार, ठरलेल्या वेळेची, ठरलेल्या पगाराची. आणि माझं ठाम मत असं की यंग स्ट्रीटचं जे काही वेगळेपण आहे ते या नोकरीतून आलंय.

नोकरी देणारे कुठून आले, ते बघू. टोरोंटो हे अतिशय सोवळं शहर होतं. रविवारी ईटन्सच्या दुकानाच्या काचेच्या खिडक्यांवर आतून पडदे ओढत, लोकांनी सुट्टीच्या पवित्र दिवशी वस्तूंकडे बघूनसुद्धा मोहात पडू नये म्हणून. बिअर मिळायची, पण ती ज्या खोल्यांत मिळायची तिथं गाण्याबजावण्याला बंदी. पुरुषांची खोली वेगळी आणि बायका व त्यांच्याबरोबरच्या पुरुषांची वेगळी. १९४७ मध्ये ओंटारिओ सरकारने कॉकटेल लाउंजचे परवाने द्यायला सुरुवात केली आणि यंग स्ट्रीटचं नशीब पालटलं. सिल्व्हर रेल आणि कलोनियल टॅव्हर्न हे त्यातले अगदी सुरुवातीचे. मग १९५४ च्या मार्चमध्ये याच रस्त्याखालून कॅनडातली पहिली भुयारी रेल्वे धावू लागली. सिनेमागृहं, मोठी दुकानं, मैफलींचं सभागृह मॅसी हॉल, सगळं हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी गर्दी आयती मिळायची.

त्या सुरुवातीच्या गर्दीचा धर्म जॅझ होता. १५ मे १९५३ ला मॅसी हॉलमध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच असे पाच दिग्गज एकत्र वाजवत होते. त्याच रात्री मार्सियानो आणि वॉलकॉट यांची हेवीवेट विजेतेपदाची कुस्ती, म्हणजे मुष्टियुद्ध, दूरचित्रवाणीवर होतं. मध्यंतरात डिझीसाहेब रस्ता ओलांडून सिल्व्हर रेलमध्ये जाऊन ते बघत बसले. ही गोष्ट इथला प्रत्येक वादक सांगतो. मी पण सांगितली.

परवाना मिळालेल्या मालकापुढे प्रश्न असायचा सोमवारचा. शनिवारी खुर्च्या भरतातच, पण सोमवारी-मंगळवारी माणूस दार ढकलून आत का येईल? शेजारच्या दारातून आवाज येत असेल तर आपल्या दारातून त्याहून मोठा यायला हवा. म्हणून बँड आठवड्याच्या करारावर घेत, पुष्कळदा लागोपाठ काही आठवडे. रोज रात्री तीन-चार सेट, एक वाजता दारू बंद. शनिवारी दुपारी जादा खेळ, त्यात दारू नाही, कारण तो पोराटोरांसाठी. दारू प्यायचं कायदेशीर वय तेव्हा एकवीस होतं. हा दुपारचा खेळ लक्षात ठेवा, नातवाच्या प्रश्नाला तो लागणार आहे.

१९५८ मध्ये अर्कान्साहून रॉनी हॉकिन्स नावाचा तेवीस वर्षांचा गडी आला. कॉन्वे ट्विटी आधी ओंटारिओत वाजवून गेला होता, त्याने सांगितलं की उत्तरेला पैसे बरे आहेत. हॅमिल्टनमधला हॅरॉल्ड कुडलेट्स हा एजंट दक्षिणेतले बँड इकडे आणत असे. हॉकिन्सने पहिल्यांदा हॅमिल्टनच्या गोल्डन रेलमध्ये वाजवलं आणि मग यंग स्ट्रीटवर ३३३ नंबरला, ल कॉक दोरमध्ये. फ्रेंच नाव, अर्थ सोन्याचा कोंबडा. या कोंबड्याने पुढे बरीच वर्षं रस्त्याला झोपू दिलं नाही. हॉकिन्स मंचावर कोलांट्या मारायचा, उंटासारखा चालत नाचायचा, आणि त्याच्या मागे ड्रमवर लेव्हन हेल्म नावाचा अर्कान्साचाच शेतकऱ्याचा पोरगा. बँडचं नाव हॉक्स.

इथं वेळ महत्त्वाची आहे, ती लोक विसरतात. १९५८-५९ मध्ये अमेरिकेत रॉक अँड रोलची पार वाट लागली होती. एल्विस सैन्यात, लिटल रिचर्ड देवाधर्माला लागलेला, जेरी ली लुईस तेरा वर्षांच्या चुलत नात्यातल्या मुलीशी लग्न करून बदनाम, बडी हॉली फेब्रुवारी १९५९ मध्ये विमान अपघातात गेला, आणि वर्षाच्या शेवटी चक बेरीला अटक. रेडिओवर गुळगुळीत चेहऱ्याची, गुळमुळीत गाणारी पोरं आली. त्या काळात राकट, घामट, दक्षिणेकडचा रॉक अँड रोल रोज रात्री वाजत राहिला तो या सोवळ्या शहराच्या मुख्य रस्त्यावर. हॉकिन्सला १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या रुलेट कंपनीने रेकॉर्ड करून बघितलं, एक गाणं अमेरिकन यादीत २६ व्या क्रमांकापर्यंत गेलंही. पण तो इथंच राहिला, इथलीच मुलगी केली आणि २०२२ मध्ये ओंटारिओतच वारला. अमेरिकेत तो अनेकांतला एक झाला असता. इथं मैदान मोकळं होतं.

बरोबर आलेली दक्षिणेची पोरं मात्र एकेक करून घरी परतली. थंडी, घरची आठवण, काहीही म्हणा. फक्त लेव्हन टिकला. रिकाम्या जागा भरायला हॉकिन्सने स्थानिक पोरं उचलली आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

रॉबी रॉबर्टसन टोरोंटोचाच. आई मोहॉक, सिक्स नेशन्सच्या आदिवासी वस्तीतली. सोळाव्या वर्षी गिटार विकून तिकिटाचे पैसे उभे केले आणि बसने अर्कान्सा गाठलं, हॉकिन्सकडे नोकरी मागायला. आधी बास वाजवायला लावला, मग गिटार. रिक डँको सिम्को गावाजवळचा, रिचर्ड मॅन्युएल स्ट्रॅटफर्डचा, दोघेही १९६१ मध्ये आले. डँकोला आधी ऱ्हिदम गिटार दिली आणि मग बास शिकायला लावला. सगळे विशीच्या आतले. ग्राहकाला एकवीस पूर्ण झाल्याशिवाय ग्लास मिळत नव्हता आणि वाजवणाऱ्याला मिसरूड फुटलेली नव्हती.

शेवटी आला गार्थ हडसन, लंडन गावचा (ओंटारिओतलं लंडन, तुमचं ते नव्हे). हा शास्त्रीय संगीत शिकलेला, बाख वाजवणारा. पोरगा बारमध्ये वाजवतो हे घरी सांगायचं कसं, ही त्याची अडचण. तोडगा निघाला असा की तो बँडचा 'संगीत शिक्षक' म्हणून लागला आणि प्रत्येकाने त्याला शिकवणीचे आठवड्याला दहा डॉलर द्यायचे. शिवाय एक ऑर्गन घेऊन द्यायचा. मला ही गोष्ट फार आवडते. घरच्यांपुढे अब्रू राखायची ही युक्ती आपल्याकडे पेटी-तबलेवाल्यांनी किती वेळा केली असेल!

हॉकिन्स मालक म्हणून कसा होता हे समजायचं असेल तर तमाशाचा फडमालक डोळ्यांपुढे आणा. रात्री एकला बार बंद झाला की पोरांनी घरी जायचं नाही. खुर्च्या उलट्या टेबलांवर चढल्या की तालीम सुरू, ती पहाटेपर्यंत. नियम मोडला की पगारातून दंड. आपण गाणारा आणि ही पोरं वाजवणारी, तेव्हा ती इतकी चांगली झाली पाहिजेत की शेजारच्या दारातला बँड ऐकू येता कामा नये, एवढा साधा हिशेब. त्या हिशेबातून त्याने स्वतःपेक्षा मोठे वादक घडवले, आणि साहजिकच ते त्याला सोडून गेले. हेही फडातलंच.

सहा रात्रींनी काय होतं ते सांगतो, कारण हे अनुभवाशिवाय पटत नाही. नव्वदच्या दशकात आमच्या बँडला उत्तरेकडच्या एका खाणीच्या गावातल्या हॉटेलात दोन आठवड्यांचं काम मिळालं होतं. (मालकाने दुसऱ्या आठवड्याचे पैसे जेवणाखाण्यात वळते करून घेतले, ते असो.) पहिले तीन दिवस आम्ही गाणी वाजवत होतो. चौथ्या रात्री हात आपोआप चालायला लागले आणि कान मोकळे झाले. दुसऱ्या आठवड्यात मी ड्रमरच्या उजव्या पायाकडे बघणं सोडलं, कारण तो कधी पडणार हे मला त्याच्या आधी कळत होतं. गणपतीत लागोपाठ दहा रात्री ऑर्केस्ट्रा केलेल्यांना हे ठाऊक आहे. आम्हाला ते चौदा दिवस मिळाले. हॉक्सना चार वर्षं मिळाली.

नातू गिटार शिकतोय म्हणून थोडं आवाजाबद्दल. त्या काळी गिटारच्या पातळ तारांचे सेट सहज मिळत नसत. तार वाकवून सूर चढवायचा तर वादक पहिल्या तारेच्या जागी बँजोची तार लावायचे. त्यात फेंडर टेलिकास्टर ही गिटार, तिचा पुलाजवळचा पिकअप (तारांचा कंप टिपणारा भाग) मुळातच कर्कश, आणि अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या कुवतीपलीकडे फिरवलेला. भरलेल्या बारच्या गोंगाटावर हाच आवाज मात करू शकतो. नातवाला हॉकिन्सने १९६३ मध्ये रेकॉर्ड केलेलं बो डिडलीचं 'हू डू यू लव्ह' ऐकवा. त्यातली गिटार किंचाळते. वाजवणारा रॉबर्टसन तेव्हा जेमतेम एकोणीस-वीसचा, आणि वर्ष बघा: गिटार अशी फाडून वाजवायची पद्धत जगभर पसरली ती त्यानंतर काही वर्षांनी.

दुसरी गोष्ट ताल. शफल म्हणजे प्रत्येक मात्रेचे तीन भाग करायचे, पहिला आणि तिसरा वाजवायचा आणि मधला गिळायचा. शिवाय दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअरचा, म्हणजे ड्रमसेटातल्या कडक आवाजाच्या ड्रमचा, फटका. कागदावर एवढंच. पण तो गिळलेला भाग किती लांब ठेवायचा यात सगळी मजा आहे, ढोलकीवाल्याला विचारा. लेव्हनचा शफल किंचित मागे रेलून चालायचा. माझ्याबरोबर पंधरा वर्षं वाजवलेला एक म्हातारा ड्रमर शाळेत असताना त्या शनिवारच्या दुपारच्या खेळांना जायचा आणि सगळा वेळ फक्त लेव्हनच्या डाव्या हाताकडे बघत बसायचा. त्याच्या मते तो फटका त्याला सत्तरी उलटली तरी जमला नाही. मला तर त्याचाच जमल्यासारखा वाटायचा.

तिसरी गोष्ट गार्थचा ऑर्गन. सगळे हॅमंड कंपनीचा वाजवायचे, याने लोरी कंपनीचा मागून घेतला. लोरीला पायाने चालवायची एक कळ होती, ती दाबली की सूर घसरत खाली यायचा आणि सोडली की वर. पेटीवर मींड निघत नाही म्हणून आपण शंभर वर्षं भांडतोय. या पठ्ठ्याने ती पायाने काढली.

आता जरा गोऱ्या पोरांवरून नजर काढू, कारण यंग स्ट्रीटची गोष्ट नेहमी हॉक्सवर सुरू होऊन हॉक्सवर संपते आणि ते बरोबर नाही. ३७२ अ नंबरला क्लब ब्लूनोट होता. तिथं दारू नव्हती, गाणं मात्र उशिरापर्यंत चालायचं, आणि गावात कार्यक्रमाला आलेले कृष्णवर्णीय अमेरिकन गायक आपला खेळ संपवून तिथं येऊन गायचे. ज्याला 'टोरोंटो साउंड' म्हणतात, ऱ्हिदम अँड ब्लूजकडे झुकलेला, ऑर्गन आणि धारदार गिटारवाला, तो शिकण्याची शाळा ही होती. एरिक मर्क्युरी, डायन ब्रूक्स, शर्ली मॅथ्यूज यांचे आवाज इथले.

आणि जॅकी शेन. नॅशव्हिलला जन्मलेली, फ्रँक मॉटलीच्या बँडबरोबर आधी मॉन्ट्रियल आणि मग टोरोंटोत आली. यंगला लागून असलेल्या रिचमंड स्ट्रीटवरचा सफायर टॅव्हर्न हा तिचा अड्डा. जन्माने पुरुष ठरवलेली ही व्यक्ती चेहऱ्याला रंग, अंगावर चमचमता पोशाख अशी मंचावर यायची आणि मध्येच गाणं थांबवून, मी अशी आहे आणि तुमचं काय ते तुम्ही बघा, अशा थाटाची लांबलचक भाषणं द्यायची. समलिंगी संबंध कॅनडात १९६९ पर्यंत गुन्हा होता, हे ध्यानात घ्या. १९६३ मध्ये तिचं 'एनी अदर वे' चम रेडिओच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचलं. (चमचं ऑफिसही तेव्हा याच रस्त्यावर होतं, वरच्या अंगाला १३३१ नंबरला.) १९६७ मध्ये सफायरमध्येच तिची मैफल रेकॉर्ड झाली. १९७१ नंतर ती अशी अदृश्य झाली की ती मेली असं लोकांनी गृहीत धरलं. २०१७ मध्ये तिच्या जुन्या गाण्यांचा संच निघाला, त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ती गेली. तुम्ही पाहिलेल्या भिंतीवर ती आहे. पुन्हा गेलात तर आधी तिला शोधा.

हॉक्सचं पुढे काय झालं ते थोडक्यात, कारण ते सगळीकडे छापलेलं आहे. १९६४ च्या सुरुवातीला हॉकिन्सला सोडून पाचही जण लेव्हनच्या नावाने वेगळे वाजवू लागले. टोरोंटोची मेरी मार्टिन बॉब डिलनच्या व्यवस्थापकाच्या ऑफिसात कामाला होती, तिने यांचं नाव लावून धरलं. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये डिलन इथं आला. डंडासच्या कोपऱ्यावर फ्रायर्स टॅव्हर्नमध्ये यांचे रोजचे सेट व्हायचे, ते संपून गिऱ्हाईक गेलं की रिकाम्या बारमध्ये १५ आणि १६ तारखेला त्याच्याबरोबर तालीम. बार बंद झाल्यावर पहाटेपर्यंत वाजवायची सवय त्यांना कुणी लावली होती ते तुम्हाला माहीत आहेच. दोन महिन्यांनी हीच मंडळी डिलनबरोबर मॅसी हॉलमध्ये उभी राहिली. फ्रायर्सपासून पायी पाच मिनिटं. घरच्याच प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली, कारण त्यांना डिलन एकटा, साध्या गिटारसह हवा होता. १९६८ मध्ये हे पाच जण 'द बँड' या नावाने जगापुढे आले. अमेरिकन दक्षिणेच्या मातीचा वास असलेला म्हणून ज्या बँडचं अजून कौतुक होतं, त्यातले चार जण ओंटारिओचे. गार्थ जानेवारी २०२५ मध्ये गेला, आता पाचांतलं कुणी नाही.

रस्ता मोडला तो हळूहळू. साठच्या दशकाच्या मध्यापासून कॉलेजची पोरं जवळच्याच यॉर्कव्हिलमधल्या कॉफीहाऊसांकडे वळली, तिथं दारू नव्हती आणि शब्द ऐकू यायचे. गॉर्डन लाइटफूट आधी इथल्या स्टील्स टॅव्हर्नमध्ये गायचा, तोही तिकडे गेला. सत्तरच्या दशकात बारमालकांना कळलं की पाच वादकांपेक्षा एक नाचणारी स्वस्त पडते. मग मालिश पार्लर आली, १९७७ मध्ये एका बारा वर्षांच्या मुलाचा खून झाला आणि पोलिसांनी रस्ता धुऊन काढला. त्याच वर्षी ईटन सेंटर उघडलं. १९८७ मध्ये कलोनियल पाडलं. मी आलो तेव्हा सहा रात्रींचं काम यंग स्ट्रीटवर कुणालाच मिळत नव्हतं. शुक्रवार-शनिवार, आणि तेही दाराच्या गल्ल्यातले काही टक्के.

म्हणून नातवाला काय दाखवायचं? इमारती फारशा नाहीत. ल कॉक दोरच्या जागी एचएमव्हीचं मोठं दुकान होतं, तेही २०१७ मध्ये बंद झालं. फ्रायर्सच्या जागी हार्ड रॉक कॅफे होता, तोही त्याच वर्षी गेला. सॅम द रेकॉर्ड मॅन हे रेकॉर्डचं दुकान २००७ मध्ये बंद झालं आणि त्या जागी विद्यापीठाची काचेची इमारत आली, पण दुकानाच्या निऑनच्या फिरत्या तबकड्या पुढच्या चौकात एका छपरावर लावल्यात; त्या अंधार पडल्यावर बघा. मॅसी हॉल शाबूत आहे. भिंतीवरची चित्रं एड्रियन हेल्सने २०१६ आणि २०१७ मध्ये रंगवली, ४२३ नंबरच्या इमारतीच्या दोन बाजूंना. तुम्ही एकच बाजू पाहिली असणार.

मी असतो तर शनिवारी दुपारी गेलो असतो. कॉलेज स्टेशनला उतरून भिंत बघायची आणि दक्षिणेला चालत ३३३ नंबरपाशी थांबायचं. नातवाला कानात 'हू डू यू लव्ह' लावून द्यायचं आणि सांगायचं की तुझ्याच वयाची पोरं याच वेळी इथं दारूऐवजी सोडा पीत बसायची आणि गिटारवाल्याच्या बोटांवरून नजर हलवायची नाहीत. बँजोची तार हवी असेल तर वाद्यांच्या कुठल्याही दुकानात दोन-तीन डॉलरला मिळते. टोकाला लूप असलेली देतील. गिटारला टोकाला गोळी असलेली लागते, तेव्हा लूपमध्ये जुन्या तारेची गोळी अडकवून घ्यायची.